माहेरच्या आडनावाचा माग

इंग्लंडमध्ये घराण्याची मुळे शोधणारी माणसे माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांच्या हातात एक लांबलचक, अरुंद वंशावळ असते. बाप, त्याचा बाप, त्याचाही बाप. एखादा पार १५३८ च्या आसपास पोचलेला असतो. त्या वर्षी टॉमस क्रॉमवेलने प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायला लावली. त्याआधीच्या काळात साध्यासुध्या घराचा माग सहसा लागत नाही. एवढी मेहनत करून ही माणसे विचारतात, ‘मग आमचे आजचे नातेवाईक कुठे आहेत?’

हयात नातेवाईक हवे असतील, तर खापरपणजोबांपाशी थांबायचे आणि त्यांच्या एकूण एक मुलांच्या वाटेने खाली यायचे. त्यांत निम्म्या तरी मुली असतात आणि लग्न झाले की त्यांचे आडनाव बदलते. हौशी संशोधक नेमका इथे हात टेकतो. ‘पुढे माहिती नाही’ असे लिहून तो भावाकडे वळतो आणि निम्मे गोत तिथेच गमावतो.

याचा दोष सगळा त्याचा नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून सरकारी नोंदणी सुरू झाली. विवाहाच्या दाखल्यावर वराच्या आणि वधूच्या बापाचे नाव, बापाचा धंदा, सगळे आले. आईसाठी रकानाच ठेवला नाही. तो आला मे २०२१ मध्ये. बाप कोळशाच्या खाणीत होता हे कळते, आणि जिने पोरीला लहानाची मोठी केली तिचा पत्ता नाही! इतके दाखले हाताखालून गेले, तरी मला याचा राग येतो. आपल्याकडच्या छापील कुलवृत्तांतांत निदान सुनेचे माहेर तरी नोंदवतात.

तरीही बायका सापडतात. त्यांना शोधायला मी आधी मृत्यूचा दाखला मागवते. त्यावर खबर देणाऱ्याचा रकाना असतो आणि १८७५ पासून त्यात मृताशी असलेले नातेही लिहिलेले आढळते. लँकशरमधल्या एका विणकराच्या दाखल्यावर खबर देणारीचे आडनाव घरातल्या कुणाशीच जुळत नव्हते. पुढे लिहिले होते: मुलगी, मृत्युसमयी हजर. खाली तिचा पत्ता. सहीच्या जागी फुलीची खूण, आणि ही तिची निशाणी असल्याचे निबंधकाच्या अक्षरात. लिहिता न येणाऱ्या त्या बाईने आपले सासरचे नाव आणि राहते घर, दोन्ही आमच्या हाती दिले. जनगणनेत तो पत्ता काढला आणि तिची सहा मुले समोर आली.

१९११ ची जनगणनाही मला फार मोलाची वाटते, कारण कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरलेले कागद तिथे जपलेले आहेत. विवाहितेला त्यात विचारले होते: लग्नाला किती वर्षे झाली, मुले किती झाली, हयात किती, गेलेली किती. विधवांनी हे भरायचे नव्हते. अनेकींनी भरले, आणि कारकुनाने त्यावर रेघ मारली. रेघेखालचे आकडे आजही वाचता येतात. नऊ झाली, पाच हयात. ही नऊ सापडेपर्यंत शाखा पुरी झाली असे मी मानत नाही.

पुढचा काळ अवघड. १९३१ च्या जनगणनेचे कागद १९४२ मध्ये आगीत जळाले, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही, आणि १९५१ ची अजून बंद आहे. मधला पूल म्हणजे २९ सप्टेंबर १९३९ ची नोंदवही. ती ओळखपत्रांसाठी केली होती. पुढे आरोग्यसेवेने तीच वापरली, त्यामुळे लग्न झालेल्या मुलीचे जुने आडनाव खोडून वर नवे लिहिलेले दिसते. माहेर आणि सासर एकाच ओळीत!

मुंबई इलाख्यात आलेल्या गोऱ्या शिपायांच्या घरांनाही बायकांच्या बदलत्या आडनावांचा माग काढण्याचा हाच नियम लागू पडतो. इथल्या चर्चमधल्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. नवरा तापाने किंवा पटकीने गेला की विधवा बरेचदा थोड्याच महिन्यांत दुसऱ्या शिपायाशी लग्न करी. तिची आडनावे ओळीने लावली नाहीत, तर पुण्यात जन्मलेली तिची मुले इंग्लंडात भलत्याच घरात शोधली जातात.

डीएनए चाचणीने काम सोपे झाले असले, तरी खापरपणजोबा एकच असलेल्या दर दहा जोड्यांतल्या साधारण एकीत जुळणी दिसतच नाही. आणि जुळणी दिसली तरी नाते कोणत्या बाजूचे हे कागदच सांगतो.

मग पत्र लिहायचे. हयात माणसाच्या दारात अचानक उभे राहू नये, फोनही करू नये. एका पानाचे पत्र, सोबत दोघांना जोडणारी छोटी वंशावळ, आणि उत्तर दिले नाही तरी राग नाही हे स्पष्ट. जन्माच्या सूचीत आईच्या माहेरच्या आडनावाच्या जागी नुसती आडवी रेघ असेल, तर मूल बहुधा लग्नाबाहेरचे. अशी गोष्ट पहिल्या पत्रात चुकूनही लिहू नये. समोरच्याला ती ठाऊक असेलच असे नाही.

मागायचे तर एकच मागावे: जुन्या फोटोंच्या मागे कुणाची नावे लिहिलेली आहेत का. आणि हे पत्र आधी त्या मुलीच्या वंशजांना पाठवावे, जी मृत्युसमयी हजर होती. आईबापांचे शेवटचे दुखणे जिने काढले, घर आवरायला बहुधा तीच मागे राहिली असणार. आणि फोटोंची पेटी बरेचदा तिच्याच नातवंडांकडे निघते.