विगनचे बारा जण

इंग्लंडला जाऊन आले म्हटलं, की बायकांचा पहिला प्रश्न ठरलेला : "लंडन पाहिलंस का गं?" नाही बाई, लंडन नाही पाहिलं. २०१४ सालच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मी सहा आठवडे इंग्लंडात होते, ते सगळे विगन नावाच्या गावात. दादा तिथं एका इस्पितळात डॉक्टर. वहिनीचे दिवस भरत आलेले, तिच्या आईला प्रवास झेपण्यासारखा नव्हता, तेव्हा नणंदेनं जायचं ठरलं. सासूबाई म्हणाल्या, "जा, घर मी बघते." शाळेतून बिनपगारी रजा मिळाली आणि डिंकाच्या लाडवांचा डबा नि बाळंतशोपा बांधून मी कोल्हापूरहून निघाले.

विगन हे मँचेस्टर आणि लिव्हरपूल या दोन मोठ्या शहरांच्या मधलं गाव. एके काळी दगडी कोळसा आणि सूत यांवर जगलेलं. जॉर्ज ऑर्वेल या लेखकानं १९३७ साली तिथल्या गरिबीवर पुस्तक लिहिलं आणि त्याच्या नावातच विगन आलं, म्हणून जगाला ते ठाऊक. आता खाणी नाहीत. गिरण्यांच्या लाल विटांच्या इमारती मात्र उभ्या आहेत. मुंबईच्या गिरणगावात लहानपणी मामाकडं राहिलेल्या मला त्या परक्या वाटल्याच नाहीत. वाटाव्यात कशा? आपल्या गिरण्यांतली यंत्रं बरीचशी याच लँकेशायर भागातून आलेली.

गावातून लीड्स-लिव्हरपूल कालवा जातो. चढ चढायला त्याला एकापाठोपाठ एक २१ दरवाजे आहेत. पाण्याचा जिनाच म्हणा ना! होडी एका कप्प्यात घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी भरू द्यायचं, की होडी आपोआप वर. संध्याकाळी बाळ झोपलं की मी तिकडं एक फेरी मारून येई.

शेजारी एक आजी राहत. नवरा खाणीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. मला त्या "लव्ह" म्हणत. पहिल्या दिवशी मी चपापलेच, पण तिथं दुकानदार, बसवाला सगळेच तसं म्हणतात. आपल्याकडं "बाई", "ताई" म्हणतात तसं. त्यांच्या आजीच्या पिढीतल्या बाया खाणीच्या तोंडाशी कोळसा निवडायच्या, हे आजींनीच मला सांगितलं. १८४२ च्या कायद्यानं बायकांना जमिनीखाली काम करायला बंदी झाली, पण वर फावडं चालवायला नव्हती. विगनच्या या बाया कामाला सोईच्या म्हणून विजारी घालत. साऱ्या देशात त्याचा बोभाटा झाला. पुढं हे काम बायकांकडून काढून घ्यायचं घाटत होतं, तेव्हा १८८७ साली त्यांतल्या काही जणी थेट लंडनला जाऊन दाद मागून आल्या. पोटाचा प्रश्न आला की बाई कुठं कुठं पोचते बघा.

विगनच्या लोकांना शेजारपाजारचे लोक "पाय खाणारे" म्हणून चिडवतात. दादानं पहिल्यांदा फोनवर हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "कसले रे, बकऱ्याचे?" हा पाय म्हणजे आत सारण भरून भट्टीत भाजलेली मैद्याची जाड कचोरीच. चीज-कांद्याचीही मिळते, मी तीच खात होते. पण चिडवण्यामागची गोष्ट खाण्याची नाही. १९२६ च्या मोठ्या संपात विगनचे खाणकामगार आजूबाजूच्या गावांच्या आधी कामावर गेले, म्हणजे मान खाली घातली, आणि इंग्रजीत मान खाली घालण्याला "नमतेपणाचा पाय खाणं" म्हणतात, अशी कथा सांगतात. उपाशी पोरांकडं बघून काही बापांनी केलं असेल ते; नाव पडलं साऱ्या गावाला, आणि ते शंभर वर्षं टिकलं.

आता या गावाचा जीव कशात आहे, ते सांगते. रग्बी लीग! आपण ज्याला नुसतं रग्बी म्हणतो त्याचीच ही वेगळी झालेली चूल. वाटणीचं कारण मला फार पटलं. तेव्हा खेळाडूनं पैसे घेणं म्हणजे पाप. पण उत्तरेकडचे खेळाडू खाणीत आणि गिरणीत जाणारे. शनिवारी खेळायला जावं तर त्या दिवसाचा पगार बुडायचा. बुडालेला रोज भरून द्या, एवढंच त्यांच्या क्लबांचं मागणं होतं. दक्षिणेकडच्या सुखवस्तू मंडळींनी ते धुडकावलं. मग १८९५ च्या ऑगस्टमध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक झाली आणि उत्तरेचे क्लब वेगळे झाले. त्यात विगन होतं आणि शेजारचं, काचेच्या कारखान्यांचं सेंट हेलेन्सही. १९०६ पासून पंधराऐवजी तेरा खेळाडू झाले. ऐंशी मिनिटं खेळ, चेंडू रेषेपलीकडं टेकवला की चार गुण, खांबांमधून मारला की दोन. एवढं समजलं की सामना बघता येतो.

विगन आणि सेंट हेलेन्स यांचं वैर विचारू नका. कोल्हापुरात पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना शाहू स्टेडियमवर असला की पेठांमध्ये काय वातावरण असतं, ते आपल्याला ठाऊक आहेच. तस्संच. गंमत म्हणजे दोघांचेही रंग लाल-पांढरे! आणि आजींचा जावई नेमका सेंट हेलेन्सचा. लग्नात म्हणे आहेरापेक्षा याचीच चर्चा जास्त झाली होती.

त्या वर्षीची अंतिम लढत या दोघांतच आली. ११ ऑक्टोबर, शनिवार, मँचेस्टरचं ओल्ड ट्रॅफर्ड मैदान, सत्तर हजारांवर माणूस. लेक-जावई एकाच गाडीतून गेले आणि दोन टोकांना बसले. आजींचे गुडघे दुखत होते, म्हणून त्या अकरा वर्षांच्या नातवाला घेऊन आमच्याकडं टीव्ही बघायला आल्या. वहिनी बाळाला घेऊन कोपऱ्यात. मी चहा ठेवला होता.

चहा उकळायच्या आत सगळं घडलं. पहिल्या तीन मिनिटांतच विगनचा बेन फ्लॉवर हा धिप्पाड वेल्श खेळाडू आणि सेंट हेलेन्सचा लान्स होहाया यांची धडक झाली. होहायाचा हात लागला असेल, पण फ्लॉवरनं त्याच्या तोंडावर असा ठोसा दिला की तो जागच्या जागी आडवा झाला. हालचाल नाही. आणि त्या पडलेल्या माणसावर वाकून फ्लॉवरनं दुसरा ठोसा मारला. वहिनीनं बाळाचं तोंड पदरात घेतलं, जणू त्याला दिसत होतं! रेफरीनं लाल कार्ड काढलं. या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तोवर कुणालाच असं बाहेर काढलेलं नव्हतं. बाहेर गेलेल्याच्या जागी दुसरा घेता येत नव्हता. राहिले बारा. उरली सत्याहत्तर मिनिटं.

आणि काय खेळले ते बारा जण! मध्यंतराला विगनच पुढं होतं, ६-२. खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं. पण एक माणूस कमी म्हणजे प्रत्येकाला वाढीव धाव, वाढीव मार. उत्तरार्धात सेंट हेलेन्सच्या सिया सोलिओलानं आणि मग टॉमी मॅकिन्सननं चेंडू टेकवला. शेवट १४-६. पोरगा एक शब्द न बोलता उठून गेला.

दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. पायवाल्याच्या दुकानात रांगेत उभी होते, तिथं एक गृहस्थ म्हणाले, "आधी त्याला डिवचलं होतं." त्यांच्या पुढच्या बाई वळून म्हणाल्या, "पहिला ठोसा रागात गेला म्हणू. दुसरा?" त्यावर रांग गप्प. दादाच्या इस्पितळातल्या परिचारिका म्हणत, तेरा असते तर आपणच जिंकलो असतो. कुणी म्हणे त्याला पुन्हा गावाचा रंग अंगाला लावू देऊ नये. मला नवल वाटलं ते एवढंच, की रेफरी चुकला असं म्हणणारं मला एकही भेटलं नाही. आपलं माणूस चुकलं, हे ते आपापसांत स्पष्ट बोलत होते.

रविवारी आजींकडं रव्याचा शिरा घेऊन गेले, तर घरात वेगळंच चाललेलं. पोरानं भिंतीवरच्या टीमच्या फोटोतल्या एका चेहऱ्यावर काळ्या शाईचा गोळा फासला होता. त्याची आई म्हणत होती, "असू दे, बरोबर केलं त्यानं. सगळ्यांचं वाटोळं केलं." आजी म्हणाल्या, "आपण हरलो म्हणून फासलंस, की त्यानं पडलेल्याला मारलं म्हणून?" पोरगा बोलेना. इतका वेळ खाली मान घालून बसलेला जावई, जिंकलेल्या गावाचा बरं का, हळूच म्हणाला, "आमचा तो पुन्हा मैदानात आलाच नाही काल. कप बघून ओरडलो मी, पण त्याचं ते पडणं डोळ्यांपुढनं जात नाही."

खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. आदल्या संध्याकाळपासून हारीबद्दल एवढं बोलणं झालं, पण मार खाल्लेल्या माणसाची चौकशी या घरात आत्ताच निघाली होती. मग आजी नातवाला म्हणाल्या, "त्यानं केलं ते वाईट. त्याची शिक्षा त्याला होईल, व्हायलाच हवी. पण तो आपला नव्हता असं शाईनं होत नाही. आणि हे बारा बघ. त्यांच्यासाठी तो फोटो भिंतीवर राहू दे." फोटो राहिला. शाईही राहिली.

मला त्यांचं बोलणं लागलं, कारण आपण बायका हे घरोघरी बघतो. दिरानं कर्ज बुडवलं, की सगळं घर "ते बुडवे". माहेरच्या एकानं काही केलं, की त्या घरची लेक सासरी आयुष्यभर ऐकून घेते. शाळेत एकानं मारामारी केली, की अख्ख्या वर्गाला उभं करायचं, ही तर जुनीच रीत. मग घरचे दोनच मार्ग धरतात. एक तर "आमचा असा नाहीच" म्हणून पांघरूण घालायचं, नाहीतर "तो आमचा नाहीच" म्हणून दार लावायचं. ज्याला लागलं त्याचं घर दोन्हीत राहून जातं. आजींनी तिसरं केलं. चूक ती चूक म्हटली, माणूस आपला म्हटला, आणि आधी ज्याला लागलं त्याचं नाव काढलं.

फ्लॉवरनं जाहीर माफी मागितली. त्याला सहा महिन्यांची बंदी झाली, ती भोगून २०१५ मध्ये तो परत विगनकडून खेळला. होहायानं मात्र त्याच वर्षी खेळ सोडला. डोक्याला बसलेल्या आघातांचा त्रास त्याच्या मागं लागला होता. अलीकडं डोक्याला लागण्याच्या बाबतीत या खेळाचे नियम खूपच कडक झालेत. हे लिहिताना वाटतं, त्या जावयाचं हळू बोललेलं वाक्यच त्या आठवड्यातलं सगळ्यात शहाणं होतं.

विगन नंतर पुष्कळदा जिंकलं. २०२३ आणि २०२४ ची अंतिम लढतही त्यांनीच मारली. २०२५ मध्ये तर बायकांच्या चॅलेंज कपाच्या अंतिम सामन्यात वेंब्लीच्या मैदानावर विगनच्या मुलींनी सेंट हेलेन्सला हरवलं. खाणीवर विजार घालून फावडं मारणाऱ्या त्या बायांना हे बघायला मिळायला हवं होतं!

तेव्हा मैत्रिणींनो, कुणाची लेक-सून त्या बाजूला असेल आणि बाळंतपणाच्या निमित्तानं जाणं झालं, तर विगनला एक दिवस द्या. मँचेस्टरहून आगगाडीनं तासाभराच्या आत पोचता. २१ दरवाज्यांचा कालवा बघा. गावातला बिली बॉस्टनचा पुतळा बघा. हा कार्डिफचा काळा मुलगा विगनकडून इतकं खेळला की गावानं त्याला आपलासा केला, आणि २०२५ साली त्याला "सर" ही पदवी मिळाली. १८९८ पासून तिथंच बनणाऱ्या "अंकल जोज" पेपरमिंटच्या गोळ्या आणायला विसरू नका. सर्दीत तोंडात धरायला छान. आणि एखाद्या आजीबाईंना २०१४ च्या सामन्याबद्दल विचारलंत, तर हातात वेळ ठेवून विचारा. चहा दोनदा होईल.