साठ हंगाम

मुंबईहून सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस आणि कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस, या दोन्ही गाड्या गोंदियाला येऊन संपतात. त्यापुढे आमगाव, सालेकसा आणि मग छत्तीसगड. शेवटच्या स्टेशनावर राहणाऱ्या माणसांना एक सवय जडते. मोठ्या बातमीत आपले नाव नसणार, हे ती धरूनच चालतात. आमच्या लहानपणी विदर्भाचा क्रिकेट संघ या सवयीत अगदी बसून गेला होता. रणजी सामन्याची बातमी खेळाच्या पानावर एका कोपऱ्यात असे. वाचण्याआधीच निकाल ठाऊक असे, तरी आम्ही ती वाचत असू. धान निघाले की रिकाम्या बांधीत आमचा खेळ रंगे. तिथे प्रत्येकाला सचिन व्हायचे असे. विदर्भाचा खेळाडू व्हायला कोणी तयार नसे, कारण त्यांची नावेच कोणाला माहीत नव्हती.

विदर्भ रणजी करंडक स्पर्धेत १९५७-५८ पासून खेळतो. पहिले विजेतेपद मिळाले २०१७-१८ मध्ये. म्हणजे साठ हंगाम करंडकाशिवाय गेले. २००२-०३ पासून स्पर्धेचे एलिट आणि प्लेट असे दोन गट झाले आणि विदर्भाची त्यानंतरची बरीच वर्षे प्लेटमध्ये गेली. शाळेत शिकवणाऱ्यांना ही व्यवस्था नवी नाही. वर्गातही हुशार आणि कच्चे अशा दोन रांगा पडतात. कच्च्यांच्या रांगेतल्या मुलाला हळूहळू स्वतःलाच पटते की आपली जागा हीच.

२०१७ च्या डिसेंबरात कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विदर्भाचा उपांत्य सामना कर्नाटकाशी होता. पहिल्या डावात विदर्भ १८५ धावांत गारद झाला. कर्नाटकाने ३०१ केल्या. आमच्या शिक्षककक्षात कोणी फारसे बोलले नाही, इतकी ती जुनी ओळखीची गोष्ट होती. पण दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ धावा केल्या आणि कर्नाटकापुढे १९८ चे लक्ष्य आले. पाचव्या दिवशी त्यांचा डाव १९२ वर संपला. पाच धावांनी विजय! रजनीश गुरबानी या अभियांत्रिकी शिकलेल्या तरुण गोलंदाजाने त्या डावात सात बळी घेतले. पुढे इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याने हॅट्‌ट्रिक केली, अक्षय वाडकरने शतक ठोकले आणि १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने नऊ गडी राखून करंडक जिंकला. विजयी फटका वसीम जाफरचा. कर्णधार फैज फजल.

मुलांनी विचारले, "सर, फैज आपला ना?" आम्ही म्हणालो, "आपलाच. आणि गुरबानी, वाडकर कोणाचे?" मुले क्षणभर थांबली, मग हसली. "तेही आपलेच."

त्या दिवसांत जो तो म्हणत होता की हा जिद्दीचा विजय. आम्हांला हे पटत नाही. जिद्द काय त्या आधीच्या साठ हंगामांतल्या खेळाडूंना नव्हती? हरणाऱ्या संघाकडून वर्षानुवर्षे मैदानात उतरणे यालाच तर जिद्द म्हणतात. कमी होती ती तालीम, आणि शिकवणारा उस्ताद. उमेश यादवचे पाहा. नागपूर जिल्ह्यातल्या वलनीच्या कोळसा खाण कामगाराचा हा मुलगा. लष्करात आणि पोलिसात भरती होण्याचा प्रयत्न फसला. टेनिस बॉलवर खेळणारा हा मुलगा २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी खेळला आणि २०११ मध्ये विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला. त्याच्या अंगातली ताकद आधीही होतीच. ती ओळखणारी नजर नंतर मिळाली. नागपूरला अकादमी उभी राहिली. पारस म्हांब्रे यांच्यासारखे प्रशिक्षक आले. मुंबईला करंडक मिळवून देणारे चंद्रकांत पंडित आले आणि त्यांनी कडक शिस्त लावली. मुंबईकडून आठ वेळा रणजी जिंकलेला जाफर २०१५-१६ पासून विदर्भाकडून खेळू लागला. जिंकायची सवय असलेला माणूस शेजारी कपडे बदलत बसतो, तेव्हा नवख्या पोरालाही जिंकणे शक्य वाटू लागते.

हे सगळे लिहिण्याचे कारण आमच्या शाळेतली मुले. घरात उर्दू, बाजारात हिंदी, शेतावर झाडीबोली आणि कचेरीत मराठी, अशा चार बोलींत ती वाढतात. दहावीपर्यंत ती उर्दूतून शिकतात. त्रिकोणाला मुसल्लस म्हणतात, कोनाला जाविया. अकरावीच्या वर्गात पाय ठेवला की मुसल्लसचा एकदम ट्रँगल होतो. गणित तेच असते, पण मुलगा गप्प बसतो. गप्प बसणाऱ्याला कच्चा ठरवायला फार दिवस लागत नाहीत. मग एखाद्या दिवशी तो राईस मिलमध्ये हमाली करताना दिसतो किंवा गॅरेजमध्ये. मुलगी असेल तर ती दिसतच नाही. मोहल्ल्यात लोक म्हणतात, आपल्या पोरांत जिद्दच नाही. आमची तक्रार या वाक्याबद्दल आहे. ज्याला दोन महिने कोणी शब्दांची ओळख करून दिली असती तर जो टिकला असता, त्याच्या जिद्दीचा हिशेब मागायचा कशाला?

दुसरीकडे, मुलांना खोटी उमेदही देऊ नये. प्रत्येक साठ हंगामांनंतर करंडक येतोच असे नाही. २०२३-२४ मध्ये विदर्भ पुन्हा अंतिम फेरीत गेला आणि मुंबईकडून हरला. पुढच्याच वर्षी, २०२४-२५ मध्ये, केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात एकवीस वर्षांच्या दानिश मालेवारने १५३ धावा केल्या आणि तिसरे विजेतेपद आले. व्यवस्था नीट असली की हार ही त्या वर्षापुरती उरते. व्यवस्था नसली की तीच हार नशीब म्हणून खपवली जाते.

फैज फजलचे उदाहरण आम्ही वर्गात वेगळ्या कारणाने देतो. २०१६ मध्ये हरारेला तो भारताकडून एक एकदिवसीय सामना खेळला. नाबाद ५५ धावा केल्या. त्यानंतर त्याला पुन्हा संधी मिळाली नाही. दीड वर्षाने त्याने विदर्भाचा करंडक उचलला. त्या हंगामात संघाकडून सर्वाधिक, ९१२ धावा त्याच्याच होत्या. २०२४ मध्ये निवृत्त होईपर्यंत तो विदर्भासाठी खेळत राहिला. वरच्या पायरीवरून परत पाठवलेल्या माणसाने आपल्या घरचे काम सोडले नाही, एवढेच मुलांना सांगायचे असते.

या अंकाचे बरेच वाचक आज नागपूर, पुणे, मुंबईत स्थिरावले आहेत. कोणी इंजिनीअर आहे, कोणी नर्स, कोणी प्राध्यापक. त्यांतले कित्येक उर्दू शाळेतूनच निघाले आणि मुसल्लस ते ट्रँगल हा रस्ता एकट्याने चालून गेले. जाफर बाहेरून विदर्भात आला होता. तुम्हांला तर आपल्याच गावी यायचे आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी याल तेव्हा दहावी झालेल्या मुलामुलींसाठी रोजचे दोन तास काढा. खोली, फळा आणि खडू आमच्याकडे आहे.