वाघिणीची ओळख

मराठीत मालगाडीच्या डब्याला ‘वाघीण’ म्हणतात. इंग्रजीतील वॅगन मराठी जिभेने आपल्या सोयीने वळवून घेतली आणि तिची वाघीण झाली, हे एकदा ध्यानात आले की ‘पाच वाघिणी रुळांवरून घसरल्या’ या वृत्तपत्री मथळ्याचे हसू येईनासे होते आणि रेल्वेसारखी परकी वस्तू लोकांनी किती लवकर घरची करून टाकली याचे नवल वाटू लागते. जुन्या छायाचित्रातील अशी वाघीण ओळखणे म्हणजे ती किती रुंदीच्या रुळांवर धावत होती, कोणाच्या मालकीची होती, कोणत्या काळातील होती आणि शक्य झाल्यास कोणत्या कारखान्यात घडली होती, या प्रश्नांची उत्तरे तिच्याच अंगावरून काढणे होय. हे काम वरवर पाहता छंदी माणसाचे वाटते. परंतु ज्या छायाचित्राच्या पाठीवर ना गाव लिहिले आहे ना साल, त्याचे गाव आणि साल सांगण्याचे सामर्थ्य पुढे ओळीने बसलेल्या फेटेवाल्यांपेक्षा मागे उभ्या असलेल्या डब्यात पुष्कळदा अधिक असते.

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगाव या गावाला रेल्वे स्थानक नाही. तरीही वाघीण तेथील माणसांच्या आयुष्यात होती, कारण हा पऱ्हाटीचा मुलूख आहे. वेचलेला कापूस घरातल्या खोलीत गंजी लावून ठेवायचा, मुलांनी त्यावर लोळून बोलणी खायची आणि भाव बरा दिसला की तो बंडीत पायांनी दाबून भरून कारंजा किंवा मूर्तिजापूरची वाट धरायची, हा हिवाळ्यातील नेहमीचा क्रम होता. पुढे जिनात सरकी आणि रुई वेगळी होई, प्रेसमध्ये रुई दाबून तिची गाठ, म्हणजे व्यापाऱ्यांच्या बोलीतील गठाण, बांधली जाई आणि ती गठाण रेल्वेच्या धक्क्यावर जाऊन पडे. स्वातंत्र्याच्या आगेमागे जन्मलेल्या पिढीतील मुलाने पहिली वाघीण पाहिली ती बहुधा अशाच एखाद्या बंडीच्या धुरेवर बसून, आणि त्याच्या लेखी ती गाडीचा भाग नव्हतीच. घरातला कापूस ज्या दारातून आत जातो आणि पुन्हा कधीही दिसत नाही, असे ते एक काळे दार होते.

या दारापर्यंतचा इतिहास थोडक्यात असा आहे. १८५३मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले, त्याच वर्षी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, म्हणजे जी.आय.पी.ची, पहिली गाडी मुंबईहून ठाण्याला गेली, १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला अचानक भाव आणला आणि १८६७मध्ये भुसावळ–बडनेरा मार्गाने रूळ नागपूरला पोहोचले. मुख्य मार्गापासून आत असलेल्या कापूसपट्ट्यासाठी किलिक निक्सन या व्यापारी पेढीने १९१०मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली आणि त्या दशकात मूर्तिजापूरहून एक फाटा कारंजा–दारव्हा मार्गे यवतमाळला व दुसरा अचलपूरला गेला. लोकांनी ‘शकुंतला’ म्हणून जिला ओळखले ती हीच गाडी. पुलगाव–आर्वी हा फाटाही याच कुटुंबातला. हे रूळ कापसासाठीच टाकले गेले, प्रवासी नंतर चढले; त्यामुळे शकुंतलेच्या आठवणींत प्रवासी डब्यांचेच कौतुक व्हावे आणि वाघिणींचा उल्लेखही नसावा, हे तिच्यावर अन्यायाचे आहे.

ओळख पटवताना पहिला प्रश्न गेजचा, म्हणजे दोन रुळांमधील अंतराचा असतो. मुख्य मार्गाचे ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, मीटरगेज नावाप्रमाणे १००० मिलिमीटर आणि शकुंतलेचे नॅरोगेज अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. छायाचित्रात रूळ दिसत असतील तर प्रश्न सोपा. पण रूळ बहुधा गवतात, खडीत किंवा माणसांच्या पायांआड गेलेले असतात आणि मग डब्याच्या अंगाकडे पाहावे लागते. ब्रॉडगेजच्या वाघिणीची रुंदी रुळांमधील अंतराच्या दुपटीच्या आतच राहते, म्हणून ती चाकांवर ऐसपैस बसलेली दिसते. अडीच फुटी गेजवरच्या सात फूट रुंदीच्या वाघिणीचे अंग मात्र रुळांच्या जवळजवळ तिप्पट भरते आणि दोन्ही बाजूंनी चाकांबाहेर लोंबते, जणू अरुंद पाटावर बसलेला स्थूल पाहुणा. मीटरगेजचे प्रमाणही याच्याच आसपास येत असल्याने तेथे शेजारी उभ्या असलेल्या माणसाची उंची मोजपट्टीसारखी वापरावी लागते. दुसरी खूण टोकाला मिळते. ब्रॉडगेजच्या जुन्या वाघिणीला टोकाकडून दोन बफर, म्हणजे धक्का सोसणाऱ्या दोन तबकड्या, आणि मध्ये फिरकीची साखळी असते. लहान गेजच्या वाघिणीला मधोमध एकच बफर आणि त्यातच जोडणीचा आकडा असतो. दोन डोळ्यांची की एका डोळ्याची, एवढे पाहिले तरी निम्मा निवाडा होतो.

गेजचा निवाडा झाला की भूगोल आपोआप बोलू लागतो आणि येथे वाशीम जिल्ह्याची स्थिती मोठी सोयीची आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा प्रदेश मुंबई–नागपूर ब्रॉडगेजच्या दक्षिणेला पडतो. त्याच्या कारंजा बाजूला शकुंतलेचे नॅरोगेज होते आणि खुद्द वाशीम शहरातून निजामाच्या राज्याकडून आलेला पूर्णा–हिंगोली–अकोला हा मीटरगेज मार्ग जात होता, जो २००८मध्ये ब्रॉडगेज झाला. अर्थात त्याआधीच्या एखाद्या छायाचित्राखाली ‘कारंजा’ किंवा ‘वाशीम’ लिहिलेले असेल आणि चित्रातील वाघिणीला दोन बफर असतील, तर ओळ चुकली आहे, चित्र नाही. ते मूर्तिजापूरचे, बडनेऱ्याचे किंवा अकोल्याचे असू शकेल. याउलट एकाच चौकटीत धक्क्याच्या एका अंगाला दोन डोळ्यांची आणि दुसऱ्या अंगाला एका डोळ्याची वाघीण असेल व मध्ये हमालांची रांग असेल, तर ते गठाणी एका गेजवरून दुसऱ्या गेजवर चढवण्याचे दृश्य होय आणि ते मूर्तिजापूर, पुलगाव यांसारख्या मोजक्याच ठिकाणी घडत असे. नॅरोगेजची वाघीण आपल्या रुळांबाहेर पाऊल टाकू शकत नाही, म्हणूनच ती स्थळाची सर्वांत विश्वासू साक्षीदार ठरते.

ब्रॉडगेजच्या वाघिणीचे तसे नाही. तिच्या अंगावर जी.आय.पी.ची अक्षरे दिसली म्हणून चित्र जी.आय.पी.च्या मार्गावरचे ठरवण्याची घाई नवशिका हमखास करतो. परंतु निरनिराळ्या कंपन्यांच्या वाघिणी सामाईक वापरात आल्यानंतर बंगाल-नागपूर रेल्वेचा डबा बडनेऱ्याला आणि जी.आय.पी.चा डबा हावड्याला उभा राहणे यात नवल उरले नाही. अक्षरे स्थळ सांगत नसली तरी काळ मात्र सांगतात. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जी.आय.पी. आणि निजामाची रेल्वे यांच्यासह काही रेल्वे एकत्र करून मध्य रेल्वे झाली, त्यामुळे ‘म रे’ ही नागरी अक्षरे असलेले छायाचित्र त्याआधीचे असूच शकत नाही; २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे निघाली, म्हणून वाशीमच्या फलाटावर त्या रेल्वेची अक्षरे असलेला मीटरगेज डबा दिसला तर काळाची खालची मर्यादा आणखी पुढे सरकते. वरची मर्यादा अशी नेमकी मिळत नाही, कारण जुनी अक्षरे पुढच्या रंगकामापर्यंत तशीच राहत. डब्याचे रिकामे वजन टन आणि हंड्रेडवेट यांत लिहिले आहे की दशमान पद्धतीत, हेही पाहावे. दशमान वजनमापांचा कायदा १९५६चा आहे आणि त्यानंतरच्या काही वर्षांत हा बदल वाघिणींच्या अंगावर उतरला. सर्वांत मोलाचा मात्र कोपऱ्यातला एक क्षुल्लक आकडा असतो. वाघीण कारखान्यात मोठ्या दुरुस्तीसाठी शेवटची केव्हा गेली आणि परत केव्हा आणायची, या तारखा तिच्या अंगावर रंगवलेल्या असतात, आणि भिंग लावून त्या वाचता आल्या तर छायाचित्राचे साल एक-दोन वर्षांच्या फरकाने हाती येते. इतके प्रामाणिक साक्षीपत्र लग्नाच्या सामुदायिक छायाचित्रातही मिळत नाही.

रंगाच्या बाबतीत मात्र छायाचित्र सरळसरळ फसवते. काचेवरच्या जुन्या निगेटिव्हचा लेप निळ्या प्रकाशाला फार आणि तांबड्याला जवळजवळ मुळीच दाद देत नसे. त्यामुळे आकाश पांढरेफटक येई आणि गेरूच्या रंगाची वाघीण कोळशासारखी काळी. सर्व रंगांना न्याय देणारा लेप १९२०–३०नंतर रूढ झाला. म्हणजे एकच वाघीण दोन चित्रांत दोन छटांची दिसली तर तिला पुन्हा रंग दिला असे न मानता आधी काच बदलली असे मानणे शहाणपणाचे. कारखानदारांनी काढून घेतलेली चित्रे याहून लबाड, कारण नवा डबा खास छायाचित्रासाठी फिकट करड्या रंगात रंगवला जाई, जेणेकरून प्रत्येक रिबीट आणि पट्टी उठून दिसावी. त्या रंगात तो रुळांवर कधी धावलाच नाही. काच उलटी धरून छाप काढला असेल तर सगळे चित्रच आरशातले होते, आणि अक्षरे वाचण्याजोगी नसल्यास पुढे उभ्या असलेल्या बाबूच्या सदऱ्याची गुंड्यांची पट्टी कोणत्या बाजूने वर आली आहे, हे तपासावे लागते. रेल्वेच्या अभ्यासकाला शिंप्याचे ज्ञान लागते ते असे.

अंगाची घडण वाचायची असेल तर महाराष्ट्रात बार्शी लाइट रेल्वेच्या चित्रांसारखी शाळा नाही. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याने कुर्डुवाडी–बार्शी हा अडीच फुटी मार्ग १८९७मध्ये सुरू केला, तेव्हा कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही असा नियम त्याने घालून घेतला आणि इंग्लंडमधील लीड्स फोर्ज कंपनीकडून दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्यांच्या, बोगीवर बसवलेल्या वाघिणी करून घेतल्या. बोगी म्हणजे दोन आसांची स्वतंत्र वळणारी चौकट. अशा दोन चौकटींवर लांब डबा ठेवला की भार आठ चाकांत वाटला जातो आणि हलक्या रुळांवरही तो वळण घेतो. त्या काळातील मुख्य मार्गावरच्या बहुतेक वाघिणी अजून चार चाकांच्या होत्या, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे धाकट्या रुळांनी थोरल्यांना दिलेला हा धडा ठरतो. चाके आरांची की भरीव, सांधे रिबिटांचे की वेल्डिंगचे, बाजू फळ्यांच्या की पत्र्याच्या, टोकाला ब्रेकची नळी लोंबते की नुसता हातब्रेकचा लांब दांडा आहे, ही सगळी निरीक्षणे त्यानंतरची. त्यांतील एकही खूण एकटी निर्णायक नसते.

बंडीच्या धुरेवरून वाघीण पाहणारा मुलगा कर्ता झाला तोवर ती त्याच्या व्यवहारातून निघून चालली होती. १९७२पासून राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, कापूस केंद्रावर जाऊ लागला आणि वाहतूक हळूहळू ट्रककडे वळली. शकुंतलेचे मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन एप्रिल १९९४मध्ये निवृत्त झाले आणि २०१०च्या दशकात गाडीही टप्प्याटप्प्याने थांबली. आज तो मूर्तिजापूरच्या पुलावर उभा राहिला तर खालून जाते ती बॉक्सएन जातीच्या वाघिणींची लांबलचक कोळशाची रांग, ज्यांतील प्रत्येकीत सुमारे ५८ टन माल मावतो. आता प्रत्येकीला अकरा आकड्यांचा क्रमांक असतो. पहिले दोन आकडे जात, पुढचे दोन मालक रेल्वे आणि त्यापुढचे दोन बांधणीचे साल सांगतात. उद्याच्या अभ्यासकाला कष्टच उरणार नाहीत, आणि थोडी मजाही.

एवढी ओळख पटूनही एक ओळख अपुरी राहते. १९२५च्या जिनिंग-प्रेसिंगविषयक कायद्याने प्रत्येक गठाणीवर प्रेसची नेमून दिलेली खूण आणि क्रमांक घालणे बंधनकारक झाले, म्हणून धक्क्यावरच्या गठाणीचे चित्र पुरेसे स्पष्ट असेल तर ती कोणत्या प्रेसमधून आली इथपर्यंत पोहोचता येते. त्यामागे मात्र वाट बंद होते, कारण जिनात दहा गावांचा कापूस एकच होतो आणि रुईवर गावाचे नाव उरत नाही. वाघीण कोणाची, गठाण कोणत्या प्रेसची, हे सांगता येते. त्यात कामरगावचा कापूस किती, हे कोणतेही भिंग सांगत नाही. तेवढ्यापुरता आधार उरतो तो घराघरांतील चित्रांचा, ज्यांत कोणी बैलांसह, कोणी भरल्या बंडीसह, कोणी धक्क्यावर पाहुण्यांसह उभा आहे आणि मागे, चौकटीच्या कडेला, वाघिणीचा अर्धा दरवाजा आला आहे. कामरगाव, कारंजा, दारव्ह्याकडच्या घरांत असे छायाचित्र असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्याच्या पाठीवर शिसपेन्सिलीने गाव आणि साल लिहून ठेवावे, आणि मोबाइलवर त्याची प्रत करताना माणसे नीट यावीत म्हणून ती कड कापू नये.