चातीचे टोक

चरख्याची चाती वाकली की दुसरी बसवायची, हे सांगायला सोपे. वीतभर लांब, पेन्सिलीहून बारीक पोलादी काडी, तिच्यावर एक गिरकी आणि पुढे निमुळते टोक. पण घरच्या लेथवर तिला हात घातला की ही काडी भल्या कारागिराचा गर्व उतरवते. चकमध्ये एक बाजू धरून टूल लावले की काडी टूलपासून दूर पळते. हा गणिताचा भाग आहे: एका बाजूने धरलेली काडी दुप्पट लांब केली तर तेवढ्याच दाबाखाली आठपट वाकते आणि तिची जाडी निम्मी केली तर सोळापट. मागून टेलस्टॉकचा आधार द्यावा तर टोकाला सेंटरचे भोक पाडता येत नाही, कारण टोक हाच तिचा कामाचा भाग. पोकळ सेंटरमध्ये टोक बसवले तरी मधला भाग लचकतोच. मधे आधार देणारी स्टेडी लावावी तर तिच्या बोटांचा दाब काडीला नवे वाकण देतो. म्हणून माझे म्हणणे आता असे झाले आहे की सरळ चाती कापून मिळत नाही. लेथ तिला आकार देतो. सरळपणा शेवटी हातोडीच देते.

यावर तरुण सोबत्यांचा आक्षेप असतो की बाजारात ग्राइंड केलेले सरळ सिल्व्हर स्टील मिळते, मग कापायचेच कशाला? तो आक्षेप निम्मा खरा आहे आणि तेवढा मी मान्य करतो. साधा ब्राइट बार ओढून तयार होतो. त्याच्या पोटात ताण कोंडलेला असतो आणि एका बाजूची कातडी सोलली की तो ताण सुटून बार केळीसारखा वळतो. ग्राइंड केलेली काडी हा दगा कमी देते. पण गिरकी घट्ट बसवताना काडी वाकते आणि सैल बसवली तर गिरकीच एकांगी फिरते. शिवाय विकत घेतलेला सरळपणा काडीचा असतो, चातीचा नसतो. चातीचा आस म्हणजे ती ज्या दोन चामडी आधारांत फिरते त्यांना जोडणारी रेघ. लेथच्या दोन सेंटरांमध्ये डायलच्या सुईवर शून्य दाखवणारी चाती चरख्यात बसवल्यावर डुलते, ती या रेघेमुळे. मोजायचे तर तिच्याच आधारांत आणि टोकाशी. बाकी ठिकाणचे आकडे दुकानदारीसाठी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. टकळी तर बांबूच्या काडीचीही चालते, मग एवढा बारकावा कशासाठी? वर्ध्यात हा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे. 1937 साली याच गावी भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली आणि टकळी मुलांच्या हातात गेली. पण टकळी धाग्याला लटकते आणि स्वतःचा तोल स्वतः शोधून त्याभोवती फिरते. चातीला ते स्वातंत्र्य नाही, तिचा आस बाहेरून लादलेला असतो. चाक 50 सेंटिमीटरचे आणि गिरकी 1 सेंटिमीटरची धरली तर चाकाच्या एका फेऱ्यात चाती पन्नास वेळा फिरते. पीळ देताना धागा प्रत्येक फेऱ्याला टोकावरून निसटतो. टोक डुलले की पन्नास निसटण्यांपैकी प्रत्येक निसटण्याला झटका बसतो आणि आखूड धाग्याच्या कापसाचे सूत तेवढ्यानेच तुटते. हिंगणघाटच्या बनी कापसाची एकेकाळी विलायतेत किंमत होती, पण पेळू कितीही चांगला असला तरी वाकड्या टोकाला माफ करत नाही. सूत एका अंगाला गुंडाळले गेले तरी चाती थरथरते, हे खरे. मात्र ते सूतकताई करणारीच्या हातात असते. टोक आपल्या हातात असते.

आता तो हट्टी प्रश्न, ज्याभोवती मी पुन्हा पुन्हा येतो: वाकण नेमके कुठे आहे? डायल टोकाशी सर्वांत जास्त दाखवते म्हणून टोकाशी ठोकायचे नसते. आधारापासून पुढे ठरावीक अंतरांवर मोजत जावे. आकडे समान पावलांनी वाढत असतील, दोन सेंटिमीटरवर 0.1 मिलिमीटर आणि चारवर 0.2, तर रेघ मागे खेचून जिथे शून्य येते तिथे वाकण आहे. प्रत्यक्ष सरक डायलच्या निम्मी असते, हे विसरणारा दुप्पट ठोकतो आणि एका वाकणाची दोन करून ठेवतो. बंदुकीच्या नळ्या करणाऱ्या जुन्या कारखान्यांतही नळी सरळ करणारा माणूस वेगळा असे. तो नळीच्या आतल्या सावलीच्या रेषेवरून वाकण हेरायचा. पुलगावच्या दारूगोळा भांडारामुळे आमच्या जिल्ह्यात बंदुकीची चर्चा सहज निघते, आणि लेथवाल्याला नळीचा मोहही होतो. पण 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय तसा भाग बनवता येत नाही. मला वाटते, कौशल्याची भूक भागवायला चाती पुरेशी आहे. ती नळीपेक्षा कमी उद्धट आणि जास्त खडूस आहे.

चरखा संघाने 1929 साली सुधारित चरख्यासाठी एक लाखाचे बक्षीस लावले होते. दीडशे रुपयांच्या आत किंमत आणि वीस वर्षे टिकाऊपणा अशा अटी होत्या, आणि बक्षीस कुणालाच मिळाले नाही. पुढे अनेक चात्यांचा अंबर चरखा आला आणि एकेका चातीची निगराणी करणारे हात मागे पडले. आज चरखा पुष्कळदा काचेमागे असतो, आणि न फिरणारी चाती वाकडी आहे की सरळ हे कुणालाच कळत नाही. पण ऱ्हासाचे हे गाऱ्हाणे गाताना माझेही एक खोटेपण आड येते. नजर अधू होऊ लागली तसा मी डायलला शरण गेलो आणि हातांनी केलेल्या कामाला आकड्यांचा दाखला जोडू लागलो. त्याहून वाईट म्हणजे, मी चातीला आरशासारखी चकाकी देतो. तिचा सुताला काही उपयोग नाही. गुळगुळीत काडीवर सूत उलट घसरते. पॉलिशच्या नादात एका अंगाचे दोन शतांश मिलिमीटर जास्त झिजतात, तेही मला ठाऊक आहे. ती चकाकी दुसऱ्या लेथवाल्याने पाहावी म्हणून असते. कातणारीला हवी असते ती मुकाट्याने फिरणारी चाती, आणि तिला कसलीच चमक लागत नाही.