कड्यावरचं शिवसुमन, ओसरीवरची कुंडी

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या मेढ्यात जाड, रसाळ खोडाच्या कुठल्याही झाडाला निवडुंगच म्हणतात. बांधावरचा तीनधारी, माळावरचा फड्या, रोपवाटिकेत मिळणारे लाल-पिवळे काटेरी गोळे, सगळे एकाच माळेत. शिवसुमनही लोक त्याच माळेत ओवतात. ओसरीच्या कडेला ठेवलेली माझी कुंडी बघून ‘हा कुठला डोंगरी निवडुंग आणलास?’ असं अजूनही कुणीतरी विचारतंच.

खरा निवडुंग मूळचा अमेरिकेचा. त्या कुळातली एकच जात आफ्रिकेत आणि श्रीलंकेत नैसर्गिकपणे आढळते, बाकी सगळं कुळ अटलांटिकच्या पलीकडचं. आपला फड्या निवडुंगही परदेशातूनच आला आणि इथे माजला. तीनधारीला चीक असतो, तो एरंडाच्या कुळातला. शिवसुमन यांपैकी कुणाचंच नाही. ते रुई आणि उपळसरीच्या गोतावळ्यातलं, आणि महाराष्ट्राबाहेर जगात कुठेही नैसर्गिकपणे न सापडणारं. जुन्नरचा परिसर, पुरंदर-वज्रगड, महाबळेश्वरचे कडे, रंधा धबधब्याचा भाग अशा मोजक्या ठिकाणी, सरळसोट काळ्या कातळाच्या भेगांत ते लटकलेलं असतं. शिवनेरीच्या कड्यावर सापडतं म्हणून शिवसुमन. त्याचं जुनं गावठी नाव शिंदळ माकुडी.

शास्त्रीय नावाच्या बाबतीत मात्र साताऱ्याचा एक धागा निघतो. निकोलस डाल्झेल हा मुंबई इलाख्याच्या वनखात्यातला स्कॉटिश अधिकारी. अलेक्झांडर गिब्सनबरोबर त्याने १८६१ साली मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ काढला होता. त्यानंतर थोड्याच वर्षांत हे नवं झाड त्याच्या हाती लागलं आणि त्याने त्याला फ्रेरिया इंडिका असं नाव दिलं, तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांच्या सन्मानार्थ. हेच फ्रेअर १८४७ ते १८५० या काळात साताऱ्यात होते, आधी छत्रपतींच्या दरबारी रेसिडेंट आणि राज्य खालसा झाल्यावर कमिशनर. छत्रपती आप्पासाहेब महाराज १८४८ साली वारले तेव्हा त्यांचा दत्तक मान्य करावा, राज्य खालसा करू नये, असं मत त्यांनी वरिष्ठांना कळवलं होतं. गव्हर्नर जनरल डलहौसीने ते मानलं नाही. राज्य गेलं. आता शास्त्रज्ञ या झाडाला बुसेरोसिया या प्रजातीत धरतात, पण पुढे ‘फ्रेरी’ आहेच. साताऱ्याच्या इतिहासाची पानं चाळताना या माणसाचं नाव आलं की मला हटकून हे झाड आठवतं.

मेढ्याच्या वर कुसुंबीच्या रस्त्याने चढलं की कासचं पठार लागतं. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि आता भाद्रपदात तिथे फुलांपेक्षा गाड्या जास्त दिसतात. पठारावरच्या फुलांकडे निदान लोकांचं लक्ष गेलं. कड्यावरच्या झाडांकडे कोण बघणार? तिथे ना रस्ता जातो, ना कुंपण घालता येतं. साताऱ्याच्या एका मित्राने त्याच्या बागेतल्या शिवसुमनाची बोटभर फांदी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली, तेव्हापासून मला हा कड्यांचा नाद लागला.

फांदी हातात आली की लगेच मातीत खोचायची नाही. कापलेली बाजू सावलीत आठवडाभर वाळू द्यायची. तिच्यावर कोरडी खपली धरली की मगच लावायची, नाहीतर ओल आत शिरते आणि फांदी खालून मऊ पडत जाते. माती म्हणण्यासारखी माती तिला नकोच. मी डोंगराकडचा मुरूम चाळून घेतला, त्यात विटेचे तुकडे आणि जाड वाळू घातली, आणि कुजलेल्या पानांचं खत अगदी मूठभर. कुंडी मातीचीच, उथळ, खाली मोठं भोक असलेली.

खरी परीक्षा मेढ्याच्या पावसाची. केळघर घाटाकडून ढग उतरले की चार-चार दिवस ऊन दिसत नाही, भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत. मग हे झाड महाबळेश्वरच्या पावसात कसं टिकतं? पाऊस तर तिथे आमच्यापेक्षा कितीतरी जास्त. याचं उत्तर कड्याच्या उतारात आहे. कातळावर पाणी कितीही पडलं तरी थांबत नाही, मुळांशी साचत नाही, आणि वारा भेगा कोरड्या करत राहतो. झाडाला पावसाचं वावडं नाही, साचलेल्या पाण्याचं आहे. म्हणून जूनमध्ये मी कुंडी पागोळीपासून हातभर आत सरकवतो आणि एका बाजूला चीप लावून तिरकी ठेवतो. हवेतला दमटपणा तिला पुरतो. वरून पाणी देण्याची वेळ पावसाळ्यात जवळपास येतच नाही.

शिवसुमनाची गंमत त्याच्या पानांत आहे. त्याच्या जवळच्या भावंडांना, म्हणजे माळावरच्या माकडशिंगासारख्या झाडांना, नाव घेण्याजोगी पानं नसतात. नुसत्या हिरव्या कोनदार कांड्या. शिवसुमनाला मात्र जाड, मांसल, लांबट-गोल पानं येतात आणि पावसाळ्यात झाड चांगलं भरलेलं दिसतं. थंडी सरता सरता ती पानं पिवळी पडून गळतात. उरतात राखाडी-हिरवट, गुळगुळीत, पेन्सिलीपेक्षा थोड्या जाड कांड्या. उन्हाळ्यात त्या किंचित सुरकुततात. बघणाऱ्याला वाटतं झाड मेलं, आणि तो मायेने तांब्याभर पाणी ओततो. झाडं मरतात ती या मायेने. उन्हाळ्यात कुंडी कोरडी ठेवायची, कांडी फारच सुकल्यासारखी वाटली तर कडेने थोडं पाणी शिंपडायचं, एवढंच. वळवाच्या सरी झाल्या की कांडीच्या टोकाला हिरवा ठिपका दिसतो आणि पंधरवड्यात पानं उलगडतात.

फुलं पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतात. फांदीच्या शेंड्याकडे, पानाच्या बगलेत, आधी एक टपोरी कळी. ती उमलली की पाच टोकांची, साधारण दोन सेंटिमीटरची गडद मरून चांदणी. पाकळी जवळून बघावी. तिच्यावर पिवळसर ठिपके असतात, कुठे गोल, कुठे फरकटलेले, दोन फुलांवर सारखे कधीच नाहीत. कडेला बारीक लव असते, वाऱ्याने हलते. मधोमध एक छोटा मांसल मुकुट. सकाळी ऊन ओसरीवर आलं की तिथे बारक्या माश्या घोटाळतात. हे फूल माश्यांसाठीच आहे, मधमाश्यांसाठी नाही. परागकण सुटे नसतात, त्यांच्या मेणासारख्या गोळ्या असतात, आणि दोन गोळ्या मधल्या एका चिमट्याने जोडलेल्या. माशीचा पाय किंवा सोंड त्या चिमट्यात अडकली की जोडी तिच्याबरोबर निघते आणि दुसऱ्या फुलाच्या नेमक्या फटीत बसली तरच बी धरतं. रुईच्या फुलातही हीच रचना असते, मेढ्याच्या कुठल्याही रस्त्याकडेला भिंगाने बघता येते.

शत्रू दोन. पिठ्या ढेकूण कांडीच्या खाचेत पांढऱ्या कापसासारखा बसतो. जुन्या टूथब्रशने तो काढायचा आणि कडुनिंबाचं तेल पातळ करून लावायचं. दुसरी शत्रू म्हणावी की पाहुणी, हे मला ठरवता येत नाही. रुईवर वाढणाऱ्या केशरी-काळ्या फुलपाखराची पट्टेरी अळी शिवसुमनावरही येते आणि पानं, कळ्या फस्त करते. मी तिला उचलून मागच्या रुईवर नेऊन ठेवतो.

फांदीपासून रोप होणं इतकं सोपं आहे की एका कुंडीच्या चार झाल्या, त्या शेजारी गेल्या, एक पाचगणीला पोचली. पण फांद्यांपासून केलेली ही सगळी रोपं म्हणजे मुळात एकच झाड. त्यांना एखादी बुरशी बाधली तर सगळ्यांनाच बाधायची. कड्यावरची झाडं बियांतून आलेली असतात, प्रत्येकाचा वाण थोडा वेगळा. शेंगा जोडीने येतात, पिकल्या की उकलतात आणि बियांच्या पांढऱ्या म्हाताऱ्या वाऱ्यावर उडून नव्या भेगा शोधतात. माझ्या कुंडीत फुलं भरपूर आली, शेंग आजवर धरलेली नाही.

म्हणूनच शिरवळजवळ, आपल्याच जिल्ह्यात, नौरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्राने या झाडावर केलेलं काम मला मोलाचं वाटतं. त्यांनी रोपं वाढवली, तशी कड्यांचीही पाहणी केली. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेनेही हे झाड जोपासलं आहे. केंद्र सरकारने जंगलातून उचललेल्या ज्या वनस्पतींच्या निर्यातीवर बंदी घातली, त्या यादीत शिवसुमन आहे. कागदावर असं संरक्षण आहे. प्रत्यक्षात माघ-फाल्गुनात गवताला लावलेला वणवा कड्याच्या काठापर्यंत जातो, शेळी पोचेल तिथवरची झाडं खुडली जातात, दरड कोसळली की भेगेसकट झाड खाली येतं. जावळीच्या डोंगरांवर दर वर्षी वणवे लागतात आणि ‘गवत चांगलं येतं’ या समजुतीने लोक ते लावतात. गावोगावच्या ग्रामसभांनी हा विषय एकदा नेटाने घ्यायला हवा.

वर आलेली ढोबळ नावं सोडली तर हे झाड नेमकं कुठल्या जागी आहे ते मी इथे लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. ट्रेकला जाणाऱ्या मुलांना एवढंच सांगणं आहे की दिसलं तर फोटो काढा, फांदी तोडू नका आणि फोटोबरोबर जागेचा ठावठिकाणा टाकू नका. घरी लावायची हौस असेल तर ज्याच्याकडे वाढवलेलं रोप आहे त्याच्याकडून फांदी मागा. आणि ज्यांच्या कुंडीत शिवसुमन आहे त्यांनी ती फांदी कुणाकडून, कुठल्या रोपाची आली हे एका पट्टीवर लिहून कुंडीत खोचून ठेवा. वेगळ्या वाणाची दोन झाडं शेजारी ठेवता आली तर बी धरण्याची शक्यता वाढते. माझ्या रोपाचं मूळ मी लिहून ठेवलं आहे, आणि दुसऱ्या वाणाची फांदी कुणी देणार असेल तर ती घ्यायला मी मेढ्याहून येईन.