पहिला पदवीधर

तमिळनाडूत २०१० पासून घरातील पहिल्या पदवीधराची सरकारदरबारी नोंद होते. महसूल खात्याचा दाखला सादर केला, की अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षणशुल्कात सवलत मिळते. मात्र ती घरातील एकालाच. थोरला पदवीधर झाला, की धाकटीचा हक्क संपला! अमेरिकेच्या कायद्यात आईवडिलांचे शिक्षण पाहतात, म्हणून तेथे सारीच भावंडे पहिल्या पिढीची ठरतात. मला हाच न्याय पटतो. आमच्या वसईच्या घरात पहिला पदवीधर मी. माझ्या मागून बहीण महाविद्यालयात गेली, तेव्हा तिची फीही केळ्यांचे लोंगर विकूनच भरावी लागली आणि अर्जावर पुन्हा बाबांचा अंगठाच उमटला. फरक एवढाच, की त्यांना अर्ज वाचून दाखवायला आता मी होतो.