बाद ठरलेला आय-थ्री

भाचा अकोल्याहून अमरावतीला आला तो झेरॉक्सच्या दुकानातला संगणक घेऊनच. ‘मामाजी, याले आता भंगारात टाका म्हन्तेत.’ चौथ्या पिढीचा आय-थ्री. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप हवी. यंत्र मात्र अकोल्याचे उन्हाळे पचवून ठणठणीत.

एसएसडी बसवली. रुफस या प्रोग्रॅमनं विंडोज चढवायचा पेनड्राइव्ह केला. त्यात टीपीएमची अट वगळता येते. अकरा चढलं, बरं चाललं. पण हा चोरदरवाजाच. पुढच्या अपडेटची हमी नाही, वर्षाची मोठी आवृत्ती बहुधा हातानंच चढवावी लागते. कोअर टू ड्युओवाल्यांना तर हीही वाट बंद: विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीला लागणारी पॉपसीएनटी ही आज्ञा त्या प्रोसेसरात नाहीच.

माझं मत लिनक्स मिंटला. पण भाच्याची गिऱ्हाइकं कृतिदेव आणि पेजमेकरच्या फायली आणतात, तिथं मिंटचं काय चालणार! चांगलं यंत्र कागदावर बाद करणं मला पटत नाही, राजेहो. तरी बजावलं: लोकांची आधार कार्डं, पासबुकं स्कॅन केलीस की लगेच पुसत जा, आणि बँकेचं काम मोबाइलवर कर.